येण्याऐवजी साखर

बिश्केक, १४ एप्रिल

प्रिय बुरुल एजे,

तोलोगोनच्या गाडीनं पाठवलेलं लोणी पोचलं. निम्मं त्यानं वाटेतच खाल्लं असावं, पण उरलेलं फार चांगलं होतं.

बातमी अशी की मला नवं काम मिळालंय. ‘लोककल्याण अभ्यास केंद्र’ असं नाव आहे. पैसा परदेशी आहे आणि ऑफिसात गरम-थंड पाण्याचं यंत्रसुद्धा आहे. किती पिकतं, किती विकतं हे सरकार मोजतंच. माणसांचं बरं चाललंय का, हे आम्ही मोजायचं. सामूहिक शेती मोडली, काही जण वर गेले, बरेच खाली आले. त्याचा गावाच्या एकूण प्रकृतीवर काय परिणाम झाला, हा आमचा विषय. माझ्या वाट्याला नारिन प्रांत आलाय. मी साहेबांना सांगून टाकलं, माझी सख्खी थोरली बहीण, माझी एजे, कोक-बुलाकमध्ये राहते, तिनं जन्मभर तिथल्या शाळेत भूगोल शिकवलाय, ती खरं काय ते कळवेल.

तर कळव. लोक एकमेकांकडे जातात का? एकत्र बसून हसतात का? फोनवर विचारलं असतं, पण तुमच्या गावात फोन फक्त ओरोजच्या घरी लागतो, आणि त्याच्या दिवाणखान्यात बसून तू त्याच्याबद्दल काय बोलणार?

धाबं गळत नाही ना?

तुझा धाकटा,
एसेन


कोक-बुलाक, २ मे

एसेन,

पत्र मिळालं. तोलोगोन म्हणतो, लोणी उन्हानं वितळलं. त्याच्या मिशीत वितळलं असणार.

तुझ्या ऑफिसचं वाचून बरं वाटलं. लोकांचं बरं चाललंय का, हे विचारायला पगारी माणूस ठेवलाय, म्हणजे देश पुढे गेला म्हणायचा.

लोक हसतात का, म्हणून विचारलंस. मागच्या आठवड्यात एवढे हसले की मामिर म्हाताऱ्याची कवळी गाऱ्यात पडली. सगळ्यांनी हात घालून शोधली, सापडली नाही. ती आता ओरोजच्या भिंतीत आहे. मामिर म्हणतो, “माझ्या मेंढ्या तर त्यानं खाल्ल्याच, आता माझ्या दातांनी खाईल.”

झालं असं, की ओरोजनं अशार बोलावला. शहरात राहून विसरला असशील म्हणून सांगते. ज्याचं काम असेल त्यानं मेंढा कापायचा. गावानं फावडी घेऊन यायचं, काम उरकायचं, जेवायचं आणि घरी जायचं. हिशेब कुणी ठेवायचा नाही, आणि बोलावणं आलं की नाही म्हणायची सोय नाही. ओरोजला मजूर परवडत नाहीत असं नाही. पण तो स्वतः दारोदार फिरला, छातीवर हात ठेवून म्हणाला, “मी काय परका आहे का? तुमच्यातलाच ना?” मग सगळं गाव गेलं. मी कणकेचे बोर्सोक तळायला बसले.

तसा तो आमच्यातलाच. सामूहिक शेतीच्या मेंढ्या वाटल्या तेव्हा प्रत्येक घराला सारख्या मिळाल्या होत्या. आम्ही त्या हिवाळ्यात खाऊन संपवल्या. ओरोज कोठारावर होता, त्याच्याकडे पीठ होतं. एका पोत्याला एक मेंढी, असं तो घेत गेला. चोरी म्हणता येत नाही, हीच पंचाईत आहे. चोर असता तर निदान रागावता आलं असतं.

भिंत छान झाली. घोड्यावर बसलेल्या माणसालाही पलीकडचं दिसत नाही. बांधताना आम्ही दोन्ही बाजूंना होतो, इकडून तिकडे विटा फेकत होतो, गात होतो. जेवणं झाल्यावर ओरोजनं एकेकाला फाटकापर्यंत पोचवलं. मग फाटक लागलं आणि आम्ही सगळे बाहेर होतो. माझी शेजारीण उमसुन म्हणाली, “अगंबाई, आपण दिवसभर कुठल्या बाजूनं बांधत होतो?” त्यावरही खूप हसलो.

ओढ्याकडची पायवाट त्याच्या अंगणातून जायची. आता वळसा पडतो. ओरोज म्हणतो, चालणं प्रकृतीला चांगलं.

धाबं ठीक आहे. पश्चिमेकडची तुळई जरा वाकली आहे. मीही वाकले आहे.

बुरुल

सोबत भिंत बांधतानाचा फोटो. उमसुनच्या जावयानं काढलाय.


बिश्केक, २१ मे

प्रिय एजे,

तुझ्या फोटोनं ऑफिसात धमाल उडवली. अहवालाच्या मुखपृष्ठावर तोच येणार. खाली ओळ असेल: ‘विषमतेवर मात करणारा सलोखा’. आमचे मोठे साहेब डेन्मार्कचे आहेत. त्यांनी विचारलं, हे लोक शाळा बांधतायत का? मी मान अशी हलवली की त्यांना हवं ते समजलं.

आता एक काम कर. गावातल्या काही जणांना हा प्रश्न विचार: डोळ्यांपुढे दहा पायऱ्यांची शिडी आणा. सगळ्यात वरची पायरी म्हणजे सगळ्यात चांगलं आयुष्य, सगळ्यात खालची म्हणजे सगळ्यात वाईट. तुम्ही कुठल्या पायरीवर उभे आहात? प्रश्न सोपा आहे, कुणालाही कळतो.

आम्हीही घर बदललं. नवी इमारत आहे, फाटकावर पहारेकरी, आत बाग. कार्ड असल्याशिवाय चिमणीही येऊ शकत नाही. तुझी भावजय नाझिरा म्हणते, इतकी शांतता तिनं जन्मात अनुभवली नव्हती. इथे कुणी कुणाला त्रास देत नाही.

तुझा,
एसेन


कोक-बुलाक, ६ जुलै

एसेन,

तुझा सोपा प्रश्न घेऊन आठवडाभर फिरले.

आधी मामिर. म्हणाला, “कसली शिडी? माझी शिडी भिंतीच्या वेळी ओरोजनं नेली, ती परतच आली नाही.” त्याला म्हटलं, मनातली शिडी. तर म्हणाला, “मनातली असेल तर पायऱ्या मोजायला कशाला हव्यात?”

मग उमसुन. तिनं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “ओरोजला धरून की सोडून?”

“म्हणजे?”

“त्याला सोडून असेल तर मी सहावीवर. घर आहे, गाय आहे, जावई पीत नाही. त्याला धरून असेल तर दुसरी लिही.”

“अगं, पण गाय तीच ना?”

“गाय तीच आहे एजे. पण त्याच्या गायी बघून आलं की ती बारकी दिसते.”

त्यानंतर जिथे गेले तिथे हेच. ओरोजला धरून की सोडून. दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या, “गावात सगळ्यांचं ब्लड प्रेशर वाढलेलं निघतंय, आधी मला वाटलं यंत्र बिघडलंय. नवं मागवलं. तेही तेच सांगतं.” शेवटी मी ओरोजकडे गेले. तोही माझा विद्यार्थी, नकाशावर इसिक-कुल सरोवर दाखव म्हटलं की फळ्याच्या मागे जायचा. बराच वेळ विचार केला आणि म्हणाला, “एजे, नारिनच्या पेट्रोलपंपवाल्याला धरून की सोडून?”

आता दुसरं. जूनमध्ये उमसुननं गोठ्यासाठी अशार बोलावला. ओरोज आला नाही, त्यानं एक मजूर पाठवला. माणूस चांगला होता, कामसू. पण कुणाचं लग्न ठरलं, कोण कुणावर रुसलंय, यातलं त्याला काही ठाऊक नाही. बोलणार काय त्याच्याशी? सगळे मुकाट्यानं माती टाकत राहिले. दुपारी दुकानवाला भाच्याला ठेवून निघून गेला. म्हणाला, “ओरोज माणूस पाठवतो, मग मी पाठवला तर काय बिघडलं?” जेवायच्या वेळी मी बघितलं, ज्यांच्याकडे पाठवायला कुणी नव्हतं त्यांना आपण स्वतः आलो याचीच लाज वाटत होती. गोठा झाला. दार जरा तिरकं आहे.

माझ्या धाब्याचं काम सप्टेंबरअखेर काढते. यंदाचा बर्फ ती तुळई झेलणार नाही, हे आता मलाही दिसतंय. खालच्या खोलीत झोपते तेव्हा तिचं करकरणं ऐकू येतं. अशार बोलावणार आहे. तू ये. दुसरं काही जमलं नाही तर गारा तुडव, त्याला शिक्षण लागत नाही.

बुरुल


बिश्केक, ३० ऑगस्ट

प्रिय एजे,

उशिराबद्दल माफ कर. तू पाठवलेली उत्तरं मजेदार आहेत, पण आमच्या संगणकात ‘धरून’ आणि ‘सोडून’ असे दोन रकाने नाहीत. एका माणसाची एकच पायरी हवी. जमलं तर पुन्हा विचार, ओरोजचं नाव न काढता.

धाब्याच्या वेळी मला यायचं फार मनात होतं. पण नेमकी त्याच आठवड्यात अल्माटीला परिषद आहे. विषय ‘समाजजीवनातला सहभाग’, आणि मुख्य भाषण माझंच आहे. म्हणून तोलोगोनबरोबर ताडपत्री पाठवतोय. जर्मन आहे, फाटत नाही, भिजत नाही. दोन चांगले मजूर लाव, त्यांचं काय ते मी बघतो. खरं सांगायचं तर एजे, एका धाब्यासाठी सगळ्या गावाचा दिवस घालवणं आता कुणालाच परवडत नाही. मजूर कामही चोख करतात, आणि उपकारही राहत नाहीत.

तब्येतीला जप. त्या खोलीत झोपू नकोस.

तुझा,
एसेन


कोक-बुलाक, ४ ऑक्टोबर

एसेन,

ताडपत्री चांगली आहे. वैरणीवर घातली.

मी अशारच बोलावला. दारोदार जाऊन सांगितलं. सगळे म्हणाले, येतो एजे, हे काय सांगणं झालं. शनिवारी सकाळी मामिर मेंढा कापायला आला. दुवा मागितली, कापला, आणि डोळ्यात काहीतरी गेलंय म्हणून घरी गेला. मी पीठ मळलं, बोर्सोक तळले, मोठा समोवार पेटवला आणि दारात जाऊन उभी राहिले.

उमसुनची नात आली. “आजीची कंबर दुखतेय,” म्हणाली आणि साखरेचा पुडा ठेवून पळाली. मग दुकानवाल्याच्या घरून चहाची पाकिटं. मग कुणाकडून खडीसाखर, कुणाकडून आणखी साखर. दुपारपर्यंत एवढी जमली की गाऱ्याऐवजी साखरेनं धाबं लिंपता आलं असतं.

मी कुंपणापाशी गेले. उमसुन अंगणात वाकून बटाटे काढत होती.

“कंबर बरी दिसतेय.”

ती उभी राहिली. “एजे, ओरोज दोन माणसं पाठवणार आहे म्हणे.”

“मग?”

“मग मी एकटी हातात फावडं घेऊन आले तर कशी दिसेन? माझ्याकडे पाठवायला कुणी नाही, असं दिसेल.”

“पण नाहीच ना तुझ्याकडे कुणी?”

“नाही. म्हणून तर साखर पाठवली.”

ओरोजची माणसं आली. घाटापलीकडची होती. काम कसं करावं ते त्यांच्याकडून शिकावं. जुनी तुळई उतरवली, नवी चढवली, वासे टाकले, त्यावर बोरू अंथरला. जेवायला बोलावलं तर म्हणाले, मालकानं डबा दिलाय. बाहेर ओट्यावर बसून आपली भाकरी खाल्ली. आत संबंध मेंढा शिजलेला. पाच वाजता हात धुतले, म्हणाले, आमची वेळ झाली. वर माती पडायची होती. मी घाटाकडे बघितलं, ढग खाली उतरलेले. त्यांनीही बघितलं. “उद्या विचारतो मालकाला,” म्हणाले आणि गेले.

मी अंगणात त्या गाऱ्याच्या ढिगाजवळ बसले. तुला खोटं कशाला सांगू, धाब्याचं मला तेवढं वाटत नव्हतं. ज्यांना अक्षर न् अक्षर शिकवलं, ज्यांच्या बाळंतपणात धावले, त्यांच्यात मी आता मोडते की नाही, एवढंच मला बघायचं होतं. ते बघून झालं होतं.

तेवढ्यात ओरोज आला. एकटाच. “काम नीट झालं ना एजे?”

“बस. जेव.”

तो नको-नको म्हणाला आणि बसला. मग असा जेवला, की चार दिवस उपाशी असावा. मी विचारलं, घरी करत नाही का कुणी? म्हणाला, बायको-मुलं शाळेपायी बिश्केकला असतात. स्वयंपाकाची बाई झाकून ठेवून जाते.

“गावातलं कुणी येत नाही?”

“येतात की. फाटकात उभं राहून काम सांगतात आणि जातात. बसत कुणी नाही.” त्यानं हाड ताटात ठेवलं. “परवा माझा वाढदिवस होता. सगळ्या गावाला बोलावलं होतं. काय आलं असेल सांग.”

“साखर.”

“पोतंभर,” म्हणाला, आणि हसायला लागला. मलाही हसू आलं. दिवसभरातलं पहिलंच.

“झालं खाऊन? आता बूट काढ. गारा तुडवायला माणूस नाही.”

“सकाळी पाठवतो ना माणसं.”

“सकाळी बर्फ असेल.”

“एजे, माझं ब्लड प्रेशर—”

“सगळ्या गावाचं आहे.”

त्यानं इकडेतिकडे बघितलं. फळ्याच्या मागे जायला जागा आहे का, ते शोधत असावा. मग त्यानं बूट काढले, ते चकचकीत बूट ओळीनं ओट्यावर ठेवले, पँट वर गुंडाळली आणि गाऱ्यात उतरला. सवय गेलेली. दुसऱ्याच पावलाला घसरून खाली बसला.

उमसुनच्या नातीनं ते कुंपणावरून पाहिलं. ती ओरडत कुठे कुठे गेली ठाऊक नाही, पण थोड्याच वेळात कुंपणापाशी डोकी दिसायला लागली. मग दुकानवाला म्हणाला, “ओरोज, मजुरी काय घेतोस रे?”

“तुझ्यापेक्षा कमी,” ओरोज म्हणाला.

“तुला कुणी पाठवलं? मालकानं?”

“मालक घरी झोपलाय. मी त्याचा गडी.”

तेव्हा जे हसले एसेन, तसं हे गाव भिंतीच्या दिवसानंतर हसलं नव्हतं. मामिर बिनदातांचा ओरडत होता, “टाच मार, टाच! असा कुणी तुडवतो का? दही आहे का ते?” शेवटी त्याला बघवेना. शिव्या देत कुंपण ओलांडून आला आणि बूट काढले. मग उमसुन आली, फावडं घेऊन. मग बाकीचे. पाट्या वर जायला लागल्या, कुणीतरी कंदील आणले. उरलेलं सगळं जेवण संपलं, आणि त्या साखरेतली बरीचशी चहात गेली.

याला तुझ्या अहवालात सलोखा म्हणू नकोस. मला मदत करायला कुणीच आलं नव्हतं. सगळे ओरोजची फजिती बघायला आले होते, ती बघता बघता माझं धाबं झालं. सकाळी बर्फ पडला. गळलं नाही. ओरोजचं फाटक नेहमीसारखं बंद होतं. उमसुन वळसा घालून पाण्याला गेली.

मजूर लाव, म्हणून लिहिलं होतंस. ओरोजनंही तेच केलं होतं. तुम्ही दोघं एकाच शाळेत शिकलात. चूक माझ्या शिकवण्यातच असेल.

बुरुल


बिश्केक, १५ ऑक्टोबर

एजे,

परिषद चांगली झाली. मी सहभागावर बोललो आणि लोकांनी आपापल्या फोनकडे बघत ऐकलं.

परत आलो त्या संध्याकाळी आमची लिफ्ट मधेच बंद पडली. मी एकटाच आत. दार ठोकलं, हाका मारल्या. बाहेर पावलं वाजत होती, दारं उघडत होती, मिटत होती. सुटका झाली तेव्हा दुरुस्तीवाला वैतागलेला होता. म्हणाला, “तुमच्या एका लिफ्टसाठी सगळ्या इमारतीनं फोन केले, साहेब. किती काळजी घेतात लोक तुमची.” खरंच, प्रत्येक मजल्यावरून फोन गेला होता. दाराशी येऊन ‘कोण आहे आत?’ असं मात्र कुणी विचारलं नाही. मी नाझिराला हे सांगितलं. ती म्हणाली, महिन्यापूर्वी समोरच्या घरातून रडण्याचा आवाज आला, तेव्हा तिनंही पहारेकऱ्याला फोन केला होता.

मुखपृष्ठावरची ओळ बदला म्हणून साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, छापून झालंय.

एजे, तुझ्याकडे अजून काही काम उरलंय का? कसलंही चालेल.

एसेन


कोक-बुलाक, १९ ऑक्टोबर

एसेन,

माझ्याकडे काही उरलं नाही. म्हणून गावात विचारलं.

मामिरला नवा संडास हवा आहे. खड्डा खणायचा आहे, जमीन दगडाची आहे, आणि सध्या कुणालाही त्यात रस नाही. तो तुझ्यासाठी राखून ठेवलाय. ओरोजच्या कानावर गेलं, तो म्हणाला माणूस पाठवतो. मामिर त्याला म्हणाला, “माणूस नको, तू ये. बिश्केकचा साहेब एका टोकानं खणेल, तू दुसऱ्या.” ओरोज ‘बघतो’ म्हणालाय. या गावात ‘बघतो’चा अर्थ काय होतो, ते तुला ठाऊक आहे.

दुकानासमोर तुझ्यावर पैज लागली आहे. उमसुन म्हणते, साखर येईल. दुकानवाला म्हणतो, यावेळी त्याहून मोठी ताडपत्री येईल. मी म्हटलं, एसेन येईल. माझ्या बाजूनं अजून दुसरं कुणी नाही.

जमीन लवकरच गोठेल. तोलोगोनची गाडी गुरुवारी सकाळी तिकडून निघते. त्याला सांगून ठेवलंय, एसेनचं नुसतं सामान आलं तर उतरवू नकोस, तसंच परत ने.

बुरुल